वाचकांचे प्रश्न: नाव एक, चित्रे दोन

प्रश्न: मेंडोझा कोडेक्स या मेक्सिकोतल्या चित्रमय हस्तलिखितात ॲझटेक राजा इत्स्कोआत्लच्या नावासाठी साप काढला आहे. दुसऱ्या एका हस्तलिखितात त्याच नावासाठी मडके आणि पाणी आहे म्हणे. बरोबर कोणते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दोन्ही. मेंडोझा कोडेक्स १५४१ च्या सुमाराचा. त्यात सापाच्या पाठीवर ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, पाती उभी आहेत: ॲझटेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘इत्स’ ऑब्सिडियन, ‘कोआत्ल’ साप. अर्थच चितारलाय. मेक्सिकोतल्या तेपेत्लाओस्तोक गावच्या कुटुंबांची आणि शेतांची नोंद असलेल्या व्हेर्गारा कोडेक्समध्ये हेच नाव आवाजाने लिहिले आहे. पात्यांचा ‘इत्स’, मडक्याचा (कोमित्ल) फक्त ‘को’, पाण्याचा ‘आत्ल’. सापाचा पत्ताच नाही! फ्रेंच संग्राहक ओबँ यांनी एकोणिसाव्या शतकात हे उदाहरण पुढे आणले, आणि ही नुसती चित्रे नव्हेत, लिपी आहे, या म्हणण्याला त्याने बळ दिले.

प्रश्न: मेक्सिकोतल्या वेशोत्सिन्कोच्या १५६० च्या करनोंदीतली नावे स्वतः वाचायची तर सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी माणसाचे डोके शोधा, मग त्याला लागून असलेले चिन्ह. शेजारची रोमन लिपीतली ओळ सध्या हाताने झाका. चिन्हातल्या प्रत्येक वस्तूचे नाहुआत्ल नाव लिहा आणि शेवटचे ‘त्ल’, ‘त्ली’ किंवा ‘इन’ गाळा. उरलेले तुकडे जुळवताना डावीकडून उजवीकडे असा हट्ट धरू नका, क्रम ठरलेला नसतो. आता ओळ उघडा.

इथेच बहुतेक जण अडखळतात. ओळीत ‘पेद्रो तोच्त्ली’ असे दोन शब्द असतील, पण चिन्ह बहुधा सशाचेच, म्हणजे तोच्त्लीचे. पेद्रो हे बाप्तिस्म्याचे नाव, त्याला अनेकदा चित्रच नसते. स्पेलिंगवरही विसंबू नका, एकच ध्वनी कधी ‘क्यू-यू’ने, कधी ‘सी-यू’ने लिहिलेला सापडेल. ढालीवर लाकडी गदा दिसली तर ढाल आणि गदा वेगळी वाचू नका. दोन्ही मिळून ‘याओत्ल’, म्हणजे शत्रू. हे नाव तेव्हा सर्रास ठेवत. निशाण तर फसवेच. मोजणीच्या ओळीत ते २० चा आकडा, नावाच्या चिन्हात मात्र ‘पान’ हा ध्वनी. त्यामुळे निशाण कोणत्या रांगेत आहे ते आधी पाहा.

प्रश्न: स्पॅनिश माणसांची नावे ॲझटेक लेखनिक कशी लिहीत? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: जवळच्या आवाजाने. तेलेरियानो-रेमेन्सिस कोडेक्समध्ये मेक्सिकोतला स्पॅनिश राजाचा प्रतिनिधी, व्हाइसरॉय मेंडोझा, याच्यासाठी घायपात (मेत्ल) आणि बिळे करणारा तोसान हा घुशीसारखा प्राणी आहे. ‘मे-तोसा’ झाले, मधला ‘न’ सुटला तरी वाचणाऱ्याला कळायचे. स्पॅनिश सेनानी पेद्रो दे अल्वारादोबाबत एवढी खटपटच नाही. लोक त्याला तोनातिउ, म्हणजे सूर्य, म्हणत, म्हणून त्याच्यापाशी सूर्य काढला.