स्ट्रायकर झाग्रेबला पाठवू का?

प्रश्न : ताई, माझं वय ६१. १९८६ साली मिरजेत माझा साखरपुडा झाला होता. तो आमच्या वाड्यात कॅरम खेळायला यायचा. पुढे देण्याघेण्यावरून मोडलं. साडी, अंगठी आईने परत धाडली, त्याचा स्ट्रायकर तेवढा माझ्याकडे राहिला. पिवळट पडलाय, कड एका जागी टवका उडालेली. शिवणाच्या डब्यात बटणांत असतो. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत सून म्हणाली, "आई, हे कशाला ठेवलंय?" मला काही सांगता आलं नाही. क्रोएशियात झाग्रेबला मोडलेल्या नात्यांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे म्हणे. ते घेतील का हा? की हसतील?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : हसतील कसले! तिथे कुऱ्हाड ठेवलीय.

लेकीकडे गेले होते तेव्हा आम्ही दोघी झाग्रेबला जाऊन आलो. जुन्या शहरात, टेकडीवर आहे ते. ते उभं करणारे ओलिंका विश्तित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच हे चार वर्षं एकत्र होते, २००३ मध्ये वेगळे झाले. त्यांच्याकडे किल्लीवर चालणारा खेळण्यातला एक ससा होता. जो एकटा प्रवासाला निघेल त्याने तो बरोबर न्यायचा. आता अशा सशाची वाटणी कशी करणार? थट्टेत निघालेल्या कल्पनेचं २००६ मध्ये प्रदर्शन झालं आणि २०१० मध्ये कायमचं संग्रहालय.

कुऱ्हाड साधीच, सरपण फोडायची. बर्लिनची. देणाऱ्या व्यक्तीची जोडीदारीण दुसरीबरोबर सुट्टीला गेली, तिचं सामान मागे राहिलं. मग चौदा दिवस रोज तिचं एकेक लाकडी सामान फोडलं. ती न्यायला आली तेव्हा नीट रचलेले ढीग तयार! मी वाचून मोठ्याने हसले, लेकीने कोपर मारलं. पुढच्याच दालनात एका युद्धातल्या जवानाचा कृत्रिम पाय होता. त्याला सामान मिळवून देणाऱ्या बाईवर त्याचं प्रेम बसलं. पाय प्रेमापेक्षा जास्त टिकला, तो भक्कम मालाचा होता, असं त्यानेच लिहिलंय. तिथे मात्र दोघी गप्प.

तर तुमचा स्ट्रायकर तिथे शोभेल. देणाऱ्याचं नाव लावत नाहीत. वस्तू, काळ, गाव आणि हकीकत, एवढंच. पण हकीकत लिहावी लागते. म्हणजे सुनेने विचारलं तेच तेही विचारणार. मराठीत लिहून काढा आणि इंग्रजी सुनेकडूनच करून घ्या. तिला उत्तर द्यायचं राहिलंच आहे ना?

अडाल ती काळाच्या रकान्यात. १९८६ पासून कुठवर लिहाल? साखरपुडा मोडला तिथवर, की बटणांच्या डब्यापर्यंत? ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि एकदा दिलं की परत मागायचं नाही, तेव्हा आठवडाभर थांबून मगच कुरिअरवाल्याला बोलवा.

घरच्यांपैकी आणखी कुणाला सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. म्हणून मीही त्यात पडत नाही.