पत्त्यात एचटीटीपीएस असूनही फसवणूक कशी होते?

वीजबिलाच्या मेसेजमधल्या लिंकच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीची खूण) होतं, तरी वडिलांचे पैसे कसे गेले, असं तुम्ही विचारलंय. १९३० या हेल्पलाइनवर आणि बँकेत तक्रार केली नसेल तर पुढचं नंतर वाचा, आधी ती करा. आणि वडिलांना बोल लावू नका. ‘पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की खुशाल पैसे भरा’ हे आम्हीच, सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो.

एचटीटीपीएसमुळे फोन आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येत नाही. शिवाय पत्त्यात जे नाव आहे, त्याच नावाच्या सर्व्हरशी आपण जोडले गेलोय, याची खात्री मिळते. बस्स. नावामागे कोण बसलंय हे त्यातून कळत नाही. भामट्याने वीज कंपनीसारखं वाटणारं डोमेन (पत्त्यातलं साइटचं नाव) घेतलं की त्याला एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र रीतसर मिळतं, कारण साध्या प्रमाणपत्रासाठी डोमेन अर्जदाराच्या ताब्यात आहे ना, एवढंच तपासतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देते, आणि ते फुकटच असावं असं माझं ठाम मत आहे. लहानसहान संस्थांच्या साइट त्यामुळेच सुरक्षित झाल्या. कुलपाबद्दलच्या याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

प्रमाणपत्रं देऊन नावाची खात्री देणाऱ्या संस्थाही कधीकाळी फुटल्या आहेत. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटारमध्ये हल्लेखोर शिरला आणि त्याने ५०० हून जास्त खोटी प्रमाणपत्रं काढली. त्यातलं गूगलच्या नावाचं प्रमाणपत्र वापरून इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. तिथल्याच एकाला क्रोमने धोक्याची सूचना दाखवली म्हणून हे उघडकीस आलं. महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत गेली. आता प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक वहीत होते, ती नसेल तर २०१८ नंतर दिलेलं प्रमाणपत्र क्रोम स्वीकारत नाही. त्यामुळे गूगलच्या नावाने कुणी परस्पर प्रमाणपत्र काढलं तर ते लपत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र नाव खोटं नव्हतंच, ते भामट्याचं स्वतःचं होतं. म्हणून पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचे दोन शब्द बघा (शेवट ‘को डॉट इन’ असेल तर तीन). महावितरणची साइट ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे. पण ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप’ असं असेल, तर साइट अमुकतमुकची.