चॉकलेटच्या गावातली अस्वलं : हर्शे बेअर्सबद्दल वाचकांचे प्रश्न

हिवाळी खेळांवरच्या लेखात आम्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ‘हर्शे बेअर्स’ या व्यावसायिक आईस हॉकी संघाचा उल्लेख केला होता. हा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये खेळतो. ती एनएचएलच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च लीगच्या, लगेच खालची पायरी. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीने हॉकीचा संघ कशासाठी काढला? निव्वळ जाहिरात होती का? (पुणे)

संघ कंपनीचा म्हणण्यापेक्षा गावाचा म्हणणं जास्त बरोबर. मिल्टन हर्शे यांनी १९०३ मध्ये कारखान्याची पायाभरणी केली आणि त्याच्याभोवती कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं : घरं, ट्राम, बाग, शाळा. करमणुकीच्या सोयी त्याच योजनेचा भाग होत्या. १९३१ च्या सुमारास तिथे बर्फाचं मैदान सुरू झालं आणि १९३२ मध्ये गावाचा स्वतःचा संघ उभा राहिला.

जाहिरातीचा भाग मात्र नाकारता येत नाही, तो नावातच होता. सुरुवातीच्या काळात संघ ‘हर्शे बार्स’ म्हणून खेळायचा. इंग्रजीत हा शब्द मधे स्वरलोपाचं चिन्ह घालून लिहीत, त्यामुळे चॉकलेटचा बार आणि अस्वल हे दोन्ही अर्थ निघत. हे फारच धंदेवाईक वाटतं अशी टीका झाली आणि १९३६ मध्ये नाव सरळ ‘बेअर्स’ झालं. १९३८ मध्ये संघ हौशी स्पर्धेतून इंटरनॅशनल-अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक हॉकीत आला. त्याच लीगचं नाव १९४० मध्ये अमेरिकन हॉकी लीग झालं. तेव्हापासून हर्शेने एकही हंगाम चुकवलेला नाही, ना गाव बदललं, ना नाव. या लीगमध्ये इतका काळ सलग टिकलेला दुसरा संघ नाही.

प्रश्न : ‘मायनर लीग’ म्हणजे दुसरा विभाग ना? मग इतके विजेतेपद मिळवूनही हर्शेला वर बढती का मिळत नाही? (नाशिक)

युरोपातला फुटबॉल पाहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. अमेरिकेत संघांची बढती-घसरण ही पद्धतच नाही. वर-खाली जातात ते खेळाडू. एनएचएलच्या प्रत्येक संघाचा एएचएलमधल्या एका संघाशी करार असतो आणि दोन्ही लीगमध्ये आज ३२-३२ संघ आहेत. हर्शेचा करार २००५ पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सशी आहे. वॉशिंग्टन ज्यांना करारबद्ध करतं पण मुख्य संघात घेत नाही, ते तरुण हर्शेला येऊन खेळतात. त्याच्याही खाली ईसीएचएल नावाची पायरी आहे, तिथे हर्शेचा जोडीदार साउथ कॅरोलिना स्टिंगरेज हा संघ आहे.

ही लीग तयारीसाठी आहे हे नियमातूनच कळतं. सामन्यात गोलरक्षक सोडून १८ खेळाडू उतरवता येतात. त्यातले किमान १३ ‘घडणारे’ असावे लागतात. या १३ पैकी १२ जणांचे हंगामाच्या सुरुवातीला २६० पेक्षा जास्त व्यावसायिक सामने झालेले नसावेत आणि एकाला ३२० पर्यंत सूट असते. म्हणजे अनुभवी खेळाडूंसाठी जागा फक्त पाच. या पाच जागा कोणाला द्यायच्या हाच एएचएलच्या व्यवस्थापकाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि हर्शेने तो वर्षानुवर्षं इतरांपेक्षा चांगला घेतलेला आहे.

प्रश्न : बाकीचे जुने संघ बंद पडले किंवा गाव सोडून गेले. हर्शेच कसा टिकला? (ठाणे)

आमच्या मते संपूर्ण इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर मालकीत आहे.

मायनर लीगचा संघ दोन प्रकारे चालतो. एक म्हणजे एनएचएल संघच त्याचा मालक असतो. दुसऱ्या प्रकारात स्थानिक मालक असतो आणि एनएचएल संघ फक्त खेळाडू पुरवतो. पहिल्या प्रकारात पैशाची काळजी कमी, पण संघ कुठे राहणार हे मालकाच्या सोयीवर ठरतं. २०१५ मध्ये एकाच वेळी पाच संघ कॅलिफोर्नियात गेले. ॲडिरॉन्डॅकचा संघ स्टॉकटनला, मँचेस्टरचा ऑन्टारियोला (हे कॅलिफोर्नियातलं शहर), नॉरफोकचा सॅन डिएगोला, ओक्लाहोमा सिटीचा बेकर्सफील्डला आणि वूस्टरचा सॅन होजेला. त्या गावांत प्रेक्षक नव्हते असं नाही. पश्चिमेकडच्या एनएचएल संघांना राखीव खेळाडू हाताशी हवे होते, सकाळी फोन केला की संध्याकाळच्या सामन्याला हजर होतील इतके जवळ.

हर्शे दुसऱ्या प्रकारातला. संघाची मालकी हर्शे एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्स या कंपनीकडे आहे. ही चॉकलेटच्या कंपनीपेक्षा वेगळी. ती ज्या न्यासाच्या हाती आहे, त्याचा लाभ मिल्टन हर्शे यांनी १९०९ मध्ये काढलेल्या शाळेतल्या मुलांना मिळतो. गावातली बाग, हॉटेलं, मैदान आणि संघ हे सगळं एकाच घरातलं, त्यामुळे संघ दुसरीकडे विकण्यात मालकाचाच तोटा.

याची कसोटी लागली १९९६ मध्ये. १९८४ पासूनचा जोडीदार फिलाडेल्फिया फ्लायर्सने स्वतःच्या शहरात फँटम्स नावाचा नवा एएचएल संघ काढला आणि हर्शेचा करार संपला. मालकी फ्लायर्सची असती तर संघच उठला असता. हर्शेने कोलोरॅडो ॲव्हलांचशी करार केला आणि नव्या जोडीच्या पहिल्याच हंगामात, १९९७ मध्ये, कॅल्डर चषक म्हणजे एएचएलचं अजिंक्यपद जिंकला. बॉस्टन, बफेलो, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, कोलोरॅडो आणि पुन्हा वॉशिंग्टन असे जोडीदार आले-गेले, पण संघ जागचा हलला नाही.

प्रश्न : हंगामाच्या मध्येच चांगले खेळाडू अचानक गायब होतात. हे नेमकं कसं चालतं? (कोल्हापूर)

एनएचएलमध्ये कोणी जखमी झालं की वरून बोलावणं येतं, त्याला ‘कॉल-अप’ म्हणतात. हर्शे ते वॉशिंग्टन अंतर साधारण २०० किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. करार बहुधा ‘टू-वे’ असतो, म्हणजे वर असताना एक पगार आणि खाली असताना दुसरा, बराच कमी. हिशोब दिवसांवर होतो. काही खेळाडूंचा करार मात्र थेट हर्शेशी असतो. त्यांना वर खेळवायचं तर आधी एनएचएलचा नवा करार करावा लागतो. म्हणून असे खेळाडू हंगामभर हाताशी राहतात आणि कर्णधारपद, महत्त्वाच्या जागा पुष्कळदा त्यांच्याकडेच जातात.

वर जाणं सोपं, खाली येणं अवघड. १८व्या वर्षी करार झालेल्या खेळाडूला (गोलरक्षक सोडून) पाच वर्षं किंवा एनएचएलचे १६० सामने, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत सूट असते. सूट संपल्यावर खाली पाठवायचं तर त्याचं नाव ‘वेव्हर्स’वर टाकावं लागतं, आणि २४ तासांत दुसरा कोणताही एनएचएल संघ त्याला उचलू शकतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हर्शेची यादी शेवटच्या दिवसापर्यंत नक्की होत नाही ती यामुळे.

मार्चच्या सुमारास आणखी एक गंमत दिसेल. कॅल्डर चषकाच्या बाद फेरीत खेळायचं तर एनएचएल संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत संपते त्या क्षणी खेळाडूचं नाव एएचएलच्या यादीत असावं लागतं. म्हणून त्या दिवशी वॉशिंग्टन काही तरुणांना कागदोपत्री हर्शेला पाठवतं आणि लगेच परत बोलावतं. खेळाडू जागचा हलतही नाही. बातमी वाचून ‘याला काढलं’ असा समज करून घेऊ नका. उलट वसंतात हर्शेला तो हवा आहे, असा त्याचा अर्थ.

प्रश्न : आतापर्यंत किती वेळा अजिंक्य? सर्वोत्तम संघ कोणता मानावा? (छत्रपती संभाजीनगर)

२०२४ पर्यंत तेरा वेळा, आणि हा लीगचा विक्रम आहे : १९४७, १९५८, १९५९, १९६९, १९७४, १९८०, १९८८, १९९७, २००६, २००९, २०१०, २०२३ आणि २०२४.

यातल्या मधल्या मोठ्या पट्ट्यावर एकाच माणसाची छाप आहे : फ्रँक मॅथर्स. ते १९५६ मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत आले, १९७३ पर्यंत प्रशिक्षक राहिले आणि पुढे १९९१ पर्यंत कारभार पाहिला. १९५८ पासून १९८८ पर्यंतचे सहाही चषक त्यांच्या कारकिर्दीतले. १९९२ मध्ये त्यांना हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेही मुख्यतः मायनर लीगमधल्या कामासाठी. हा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

सर्वोत्तम कोण यावर वाद होऊ शकतो. १९८८ च्या संघाने बाद फेरीतले बाराच्या बारा सामने जिंकले. आमचं मत मात्र २००९-१० च्या संघाला. ८० पैकी ६० विजय हा लीगचा विक्रम, आणि अंतिम मालिकेत टेक्सास स्टार्सविरुद्ध घरचे पहिले दोन सामने गमावल्यावर सलग चार जिंकले. त्या संघातला तरुण बचावपटू जॉन कार्लसन २०१८ मध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएलचा स्टॅन्ली चषकही जिंकला. २०२३ चा विजयही काळजाचा ठोका चुकवणारा होता : कोचेला व्हॅलीविरुद्ध सातवा सामना, जादा वेळ, आणि माइक व्हेक्योनीचा गोल.

प्रश्न : गुणतक्त्यात ‘५३-१४-०-५’ असं लिहिलेलं असतं. हे कसं वाचायचं? (सोलापूर)

विजय, नियमित वेळेतला पराभव, जादा वेळेतला पराभव, शूटआउटमधला (जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकासमोर घ्यायच्या फटक्यांमधला) पराभव, या क्रमाने. विजयाला दोन गुण, शेवटच्या दोन्ही प्रकारच्या पराभवांना एकेक गुण, नियमित वेळेत हरलं तर शून्य. तुम्ही दिलेले आकडे हर्शेच्या २०२३-२४ हंगामाचे आहेत : ७२ सामने, १०६ अधिक ५, म्हणजे १११ गुण. साखळीत जादा वेळ पाच मिनिटांचा असतो आणि प्रत्येक बाजूने गोलरक्षकाशिवाय तिघेच खेळतात. बाद फेरीत शूटआउट नाही. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे डाव चालू राहतात.

प्रश्न : जुन्या मैदानाच्या छपराला एकही खांब नाही असं वाचलं. हे कसं शक्य झालं? (एक स्थापत्य विद्यार्थिनी, सांगली)

१९ डिसेंबर १९३६ ला उघडलेली ही इमारत अँटन टेडेस्को या अभियंत्याने रचली. अमेरिकेतलं पातळ काँक्रीट कवचाचं हे पहिलं मोठं काम. पिंप उभं चिरून आडवं ठेवावं तसा छपराचा आकार. कवचाची जाडी जेमतेम साडेतीन इंच, म्हणजे नऊ सेंटीमीटरच्या आसपास. त्याला ठरावीक अंतरावरच्या काँक्रीटच्या कमानी पेलतात आणि भार दोन्ही कडांना जमिनीत उतरतो, म्हणून सात हजारांवर प्रेक्षकांपैकी कोणाच्याही नजरेआड खांब येत नाही. काम भागाभागाने केलं : एक भाग पक्का झाला की खालचा आधार उतरवून पुढे सरकवायचा आणि पुढचा भाग ओतायचा. महामंदीचा काळ होता, आणि गावातल्या माणसांना काम मिळावं हा बांधकामामागचा एक उघड हेतू होता.

याच छपराखाली २ मार्च १९६२ ला विल्ट चेंबरलेनने एका बास्केटबॉल सामन्यात १०० गुण केले. बेअर्स २००२ मध्ये शेजारच्या जायंट सेंटरमध्ये गेले, तिथे सुमारे १०,५०० प्रेक्षक बसतात. जुनी इमारत आजही वापरात आहे.

प्रश्न : बर्फावर हजारो टेडी बेअर फेकतात, तो प्रकार काय? बर्फ खराब होत नाही का? (रत्नागिरी)

वर्षातल्या एका ठरलेल्या घरच्या सामन्यात हर्शेने पहिला गोल केला की प्रेक्षक मऊ खेळणी बर्फावर टाकतात. ती गोळा करून स्थानिक सेवासंस्थांना देतात. जानेवारी २०२४ मध्ये ७४,५९९ आणि जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३ खेळणी जमली. माणशी जवळजवळ दहा! शाळा, कार्यालयं आणि संस्था वर्षभर पोत्यांनी जमवतात, म्हणून हा आकडा गाठता येतो.

बर्फाला त्रास होतो, पण वजनाचा नाही, धाग्यांचा. केसाळ खेळण्यांचे तंतू ओल्या पृष्ठभागावर चिकटून गोठले तर पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, तिथे अडखळते आणि स्केटच्या पात्याखाली खरखर लागते. म्हणून खेळणी उचलून झाल्यावर बर्फ झाडून, खरवडून पुन्हा नीट करावा लागतो. बर्फाचा थर असतोच केवढा? एक ते सव्वा इंच. खालच्या काँक्रीटमधल्या नळ्यांतून थंड द्रव फिरतो. थर फार जाड झाला तर थंडी वरपर्यंत पोचत नाही, बर्फ मऊ पडतो आणि पक उड्या मारतो. फार पातळ झाला तर पात्याने खालचा रंग उघडा पडतो. वरून फिरणारं यंत्र गरम पाणी सोडतं, कारण ते चरे वितळवून आत मुरतं आणि जुन्या थराशी एकजीव होतं. थंड पाणी नुसतं वर पापुद्र्यासारखं बसतं.

प्रश्न : मुलगी हॅरिसबर्गला असते. येत्या हिवाळ्यात आम्ही दोघं जाणार आहोत. सामना पाहायचा तर काय लक्षात ठेवावं? (नाशिक)

हॅरिसबर्गहून हर्शे गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं. वीस मिनिटांचे तीन भाग आणि दोन मध्यंतरं मिळून अडीच तास लागतात. आत गारठा असतो, स्वेटर आणि पायमोजे घालाच. पहिल्यांदा पाहत असाल तर काचेलगतची महाग तिकिटं घेऊ नका. तिथून दूरच्या टोकाचा खेळ कळत नाही. कोपऱ्याजवळच्या वरच्या ओळी घ्या, सगळी रिंक नजरेत राहते. पक जेमतेम तीन इंच व्यासाचा असतो. सुरुवातीला दिसला नाही तर खेळाडूंच्या माना कुठे वळतात ते पाहा.

परत आल्यावर सवय लागली तर घरबसल्या इंटरनेटवर पैसे भरून सामने पाहता येतात. तिथला संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरू होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेचारला.