हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि त्यानंतर मेंदूला ऑक्सिजन कमी पडू नये म्हणून काय करतात?

आपल्या वडिलांच्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि ‘शरीर थंड केले की मेंदू सुरक्षित राहतो का’ असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे शस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र, चालवतो. माझ्या मते थंड करण्याहूनही नाजूक काम पुन्हा ऊब देण्याचे असते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजनचा वापर सुमारे २० टक्के, आणि साठा जवळजवळ नाहीच. नेहमीच्या तापमानाला रक्तप्रवाह पूर्ण थांबला, तर काही मिनिटांतच पेशींना इजा होऊ लागते. तापमान एक अंशाने उतरले की ही गरज साधारण ६-७ टक्क्यांनी घटते. याच आधारावर १९५२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, काही मिनिटे रक्तप्रवाह रोखून, तिच्या हृदयातील छिद्र शिवले. आपल्या वडिलांच्या शस्त्रक्रियेत मात्र मशीन मेंदूला सतत रक्त पुरवत राहील.

ऊब देताना मशीनमधले गरम रक्त सर्वांत आधी मेंदूकडे जाते. मूत्राशयातील तापमापक ३५ अंश दाखवत असताना मेंदू त्याहून अधिक तापलेला असू शकतो. तापलेल्या मेंदूची ऑक्सिजनची मागणी वाढते, म्हणून आम्ही घाई करत नाही आणि शरीरात जाणारे रक्त ३७ अंशांपेक्षा जास्त तापू देत नाही.

कपाळावर दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या पट्ट्या मेंदूतील ऑक्सिजनचा अंदाज पडद्यावर देतात. आकडा सुरुवातीच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याने घसरला, की आम्ही आधी मान वळली आहे का, मशीनची रक्त नेणारी नळी सरकली आहे का हे पाहतो. मग रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि कार्बन डायऑक्साइड तपासतो. कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, हे अनेकदा लक्षात येत नाही.

मेंदूला हमखास वाचवणारे इंजेक्शन आजही नाही. त्यामुळे नंतर अतिदक्षता विभागात रक्तदाब आणि ऑक्सिजन राखणे व ताप चढू न देणे हेच महत्त्वाचे ठरते. शुद्धीवर आल्यावर ते काही दिवस गोंधळल्यासारखे वागू शकतात. चष्मा आणि श्रवणयंत्र लवकर द्यावे, रात्रीची झोप मोडू देऊ नये. मात्र तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात उचलता आला नाही, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी परिचारिकेला बोलवावे.