रानातलं झाड ओळखायचं तर फूल शेवटी बघा

प्रश्न असा आहे: "पावसाळ्यात नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर फिरायला जातो. मोबाईलमधलं ॲप एकाच झुडपाचं रोज वेगळं नाव सांगतं. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसाने रानटी झाडं, झुडपं, नेचे (फर्न) ओळखायचे कसे?"

मीसुद्धा शिकलेलो नाही, माझा छपाईचा धंदा आहे. पण पंधरा-सोळा पावसाळे सेमिनरी हिल्स, अंबाझरी अन् गोरेवाड्याकडे पायपीट केली आहे, त्या भरवशावर सांगतो. बिचाऱ्या ॲपचा फार दोष नाही. आपण त्याला नुसतं फूल दाखवतो, आणि पांढरी-पिवळी फुलं रानात ढिगाने असतात.

आधी पानं खोडावर कशी लागली आहेत ते पाहा, समोरासमोर जोडीने की एकाआड एक. त्याच्याही आधी पान कोणतं ते ठरवा, कारण पहिली फसगत इथेच होते. कढीपत्त्याची अख्खी काडी म्हणजे एकच पान, तिच्यावरची चिल्लीपिल्ली सगळी पर्णिका. खरं पान जिथे खोडाला चिकटतं तिथे बगलेत बारीकसा डोळा, म्हणजे नवा कोंब, असतो; पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

माझी फजिती ऐका. पहिल्याच वर्षी भाजीसाठी तरोट्याचा कोवळा पाला म्हणून पिशवी भरून आणली. आईने पिशवीत नाक घातलं आणि म्हणाली, "हा कासविंदा आहे, फेक तिकडे." दोन्हीची फुलं पिवळी, दोन्ही पडीक जागी, एकाच वाटेवर. मग दोन्ही काड्या टेबलावर ठेवून भिंग लावलं. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, शेंडा बोथट आणि रुंद. खालच्या जोडीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी पिवळट-तांबूस गाठ उभी. कासविंद्याला जोड्या जास्त, बहुतेक चार-पाच, पर्णिका टोकदार, आणि गाठ जोड्यांमध्ये नाही तर देठाच्या अगदी बुडाशी. चुरगळला तर वास असा की जेवण जाणार नाही. त्या गाठीने जे सांगितलं ते फुलाने कधीच सांगितलं नसतं.

झुडपांत रायमुनिया ओळखायला सोपी, पुण्याकडे तिला घाणेरी म्हणतात. खोड चौकोनी, त्यावर बारीक काटे, पानं समोरासमोर आणि खरखरीत. पण नुसतं चौकोनी खोड पाहून थांबू नका, तुळशीचंही खोड चौकोनीच असतं. कळलावी तर फुलाशिवायच सापडते: पानाचं टोक लांब होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरून वर चढतं. ती जहरी आहे, विशेषतः कंद, तेव्हा हात लावलाच तर धुवून टाका. देठ मोडून चीक पाहणं हीही चांगली सवय. रुईचा पांढरा, पिवळ्या धोत्र्याचा पिवळा. चीक डोळ्यांपासून लांब ठेवा, एवढंच.

आता नेचे. नागपूरच्या उन्हात नेचे कुठले, असं मलाही वाटायचं. असतात; जुन्या विहिरीच्या दगडांत, ओल्या भिंतींच्या फटीत, नाल्याच्या काठाला. त्यांना फूल नाही, बी नाही. कोवळं पान गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं येतं आणि हळूहळू उलगडतं. पुढची सगळी ओळख पानाच्या पाठीवर. तिथे तपकिरी ठिपके किंवा पट्टे दिसतात, त्यात बीजाणू असतात, म्हणजे बियांच्या जागी असलेली बारीक पूड. (आमच्या शेजारच्या काकूंनी ते कीड समजून कुंडीतल्या नेच्यावर दोनदा औषध मारलं होतं.) हंसराजाचा देठ काळा कुळकुळीत, चकचकीत, तारेसारखा; पानाची कड जागोजागी मागे दुमडलेली आणि बीजाणू त्या दुमडीखाली. चुन्याच्या जुन्या भिंतीत लांबट पात्यांचा एक नेचा येतो, शास्त्रीय नाव टेरिस विटाटा. त्याच्या कडेला सलग तपकिरी शिवण घातल्यासारखी दिसते. हा पठ्ठ्या जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. मयूरशिखा मात्र आपल्या हवेला साजेशी: खडकाच्या फटीत, बोटभर उंच, ताडाच्या पानाच्या पिल्लासारखी. उन्हाळ्यात आकसून वाळते, पाऊस पडला की पुन्हा हिरवी.

पहिल्या दिवशी एकच झाड घ्या, तेच आठवडाभर पाहा. साधं, स्वस्त भिंग पुरतं, आणि ओळख पटेपर्यंत तोंडात काही घालू नका.

राहिलं तुम्ही जोडलेलं पांढऱ्या फुलाचं चित्र. ते कंबरमोडी असेल किंवा गाजरगवत. लांब दांड्यावर एकच फूल आणि पानं समोरासमोर असतील तर कंबरमोडी. गाजरासारखी कापलेली, एकाआड एक पानं आणि वर बारीक फुलांचा पसारा असेल तर गाजरगवत. फोटोत खोड आलेलंच नाही. उद्या जाल तेव्हा खालून, पानाच्या बगलेजवळून एक फोटो काढून पाठवा, मग सांगतो.