घरी बनवत असलेल्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरला उबदार आवाजासाठी ५यू४जीबी रेक्टिफायर लावू का? पुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालेल का?

१०० अजिबात नको. ५यू४जीबी म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह (निर्वात नळी); त्याला पहिला कपॅसिटर ४० मायक्रोफॅरडपर्यंतच द्यावा. त्याहून मोठा कपॅसिटर भरताना क्षणभर इतका करंट ओढतो की व्हॉल्व्हच्या आत ठिणग्या पडतात. आधी ३३, मग चोक (तारेचं वेटोळं, जे करंटमधले चढउतार अडवतं), आणि चोकनंतर खुशाल १०० लावा.

पण 'उबदार आवाज' वाचून राहवलं नाही. माझा एक मित्र हेच सांगत फिरतो. त्याने सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असलेल्या) अँप्लिफायरमधले सिलिकॉन डायोड काढून ५यू४ बसवला आणि आवाजाला गोडवा आला म्हणून सगळ्यांना बोलावून ऐकवलं. मी मीटर लावला, तर एचटी (व्हॉल्व्हना पुरवलेलं उच्च डीसी व्होल्टेज) चाळीसेक व्होल्टनी उतरलेली! डायोडवर जेमतेम एक व्होल्ट पडतो, ५यू४वर चांगले तीस-चाळीस. आउटपुट व्हॉल्व्हचा ऑपरेटिंग पॉइंटच (तो ज्या व्होल्टेज-करंटवर चालतो तो) सरकला, मग आवाज बदलणारच. मग मी डायोडनंतर रेझिस्टर घालून एचटी तेवढीच आणली, अँप्लिफायरवर आडोसा धरला आणि सगळं गरम झाल्यावरच त्याला खोलीत घेतलं. कोणता रेक्टिफायर चालू आहे हे त्याला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही. तरी त्याचं म्हणणं, त्या दिवशी स्पीकर नीट मांडले नव्हते.

रेक्टिफायर व्हॉल्व्हच हवा असेल तर जीझेड३४ घ्या. त्याच्यावर व्होल्टेज कमी खर्ची पडतं, ६० मायक्रोफॅरड चालतात, आणि खरा फायदा म्हणजे त्याचा कॅथोड सावकाश तापतो, त्यामुळे आउटपुट व्हॉल्व्ह तयार होत असतानाच एचटी हळूहळू चढते. ५यू४ काही सेकंदांतच पूर्ण व्होल्टेज देतो आणि तेव्हा आउटपुट व्हॉल्व्ह तापलेले नसल्याने लोडच नसतो. ३००-०-३०० च्या (मध्यापासून दोन्ही बाजूंना ३०० व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर ते ४२० व्होल्टच्या वर जातं, म्हणजे ४५० व्होल्टचा कपॅसिटर अगदी काठावर. ५०० चाच घ्या. दोन्ही व्हॉल्व्हच्या हीटरना ट्रान्सफॉर्मरवर ५ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग लागेल, कारण तिथे पूर्ण एचटी असते. कपॅसिटरला ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर त्यातला चार्ज उतरवणारा) विसरू नका.

गिटारच्या क्लास एबी (व्हॉल्व्हची जोडी आळीपाळीने जोर लावणाऱ्या) अँप्लिफायरची गोष्ट वेगळी. तिथे जोरात वाजवलं की करंट वाढतो, एचटी खचते आणि वादकाला तेच हवं असतं. सिंगल-एंडेड क्लास एमध्ये (जिथे व्हॉल्व्ह सतत करंट वाहतो) सरासरी करंट जवळपास स्थिर असतो, मग एचटी खचणार कशाने? हे मी मित्रालाही तेव्हाच सांगितलं होतं.