वाचकांचे प्रश्न : वस्तऱ्याची धार आणि तिची परीक्षा

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातील आमच्या घरात पाणी शिरले आणि पेटीतला आजोबांचा वस्तरा गंजला. गंज काढून मी तो ८००० ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक) दगडावर बराच वेळ घासला, चामड्याच्या पट्ट्यावरही फिरवला. अंगठ्याच्या नखाला तो चांगला अडकतो, पण केस कापत नाही आणि दाढी करताना ओढतो. चूक कोठे होत असावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून दोष पहिल्या पायरीतच असावा. पात्याच्या दोन बाजूंचे उतार टोकापासून मुठीपर्यंत एका अखंड रेषेत भेटल्याशिवाय धार तयार होत नाही. ८००० ग्रिटचा दगड तयार धारेला गुळगुळीतपणा देतो. गंजाने खाल्लेले पोलाद काढून खालच्या निरोगी धातूपर्यंत पोहोचणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी आपल्याला १००० ग्रिटच्या, नीट सपाट केलेल्या दगडाकडे परतावे लागेल.

वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवला की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात व कोन आपोआप साधतो. धार पुढे ठेवून सरकवावा, उलटवताना पाठीवरून उलटवावा आणि जोर अजिबात देऊ नये, कारण पातळ पाते दाबाने वाकते. दगड नेमका कोठे लागतो आहे हे पाहण्यासाठी दोन्ही उतारांवर पक्क्या शाईच्या मार्करने रेघ ओढावी, वस्तरा प्रत्येक बाजूने एकदाच फिरवावा आणि भिंगातून पाहावे. अगदी कडेलगत शाईची बारीक काळी रेघ उरली असेल, तर दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेलाच नाही, आणि अशा स्थितीत पुढच्या दगडावर कितीही वेळ घालवला तरी तो वाया जातो. शाई कडेपर्यंत निघाल्यावर वस्तरा दिव्याखाली धार वर करून धरावा. चांगल्या धारेवरून प्रकाश परावर्तित होत नाही. एखादा ठिपका चमकला, तर तेथे धार बोथट आहे किंवा गंजाचा खळगा उघडला आहे.

नखाच्या परीक्षेने आपली दिशाभूल झाली असावी. ओलसर नखावरून वस्तरा अलगद ओढला असता बोथट धार घसरते आणि खाच असेल तेथे बारीकसा झटका जाणवतो, एवढे ही परीक्षा विश्वासाने सांगते. परंतु खडबडीत, दातेरी धारही नखाला पकडतेच, किंबहुना अधिक पकडते. म्हणून ही परीक्षा १००० ग्रिटच्या टप्प्यापुरतीच ठेवावी. शेवटच्या दगडानंतर ती केल्यास कष्टाने आलेली धार नखावरच खराब होते.

तेथून ४००० आणि मग ८००० ग्रिट. केसाची परीक्षा करावी ती यानंतर. साबणाने धुऊन वाळवलेला केस मुळाच्या बाजूने चिमटीत धरून, बोटांपासून सुमारे एक सेंटीमीटरवर धारेला टेकवावा. मात्र जाड केस सहज तुटतो आणि बारीक केस त्याच धारेवर वाकून निसटतो, म्हणून दर वेळी एकाच व्यक्तीचा केस घ्यावा, नाही तर तुलनेला अर्थ उरत नाही. टाच (पात्याचा मुठीकडचा भाग), मध्य आणि टोक या तिन्ही ठिकाणी निकाल सारखा आला पाहिजे. माझ्या मते केस किती झटकन तुटला यापेक्षा ही समानता अधिक महत्त्वाची आहे. अंतिम निवाडा अर्थातच साबण लावलेल्या गालावर होतो.

पट्ट्यावर मात्र चाल उलटी, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणलेला असावा. तो सैल पडला की धार गोल होते. प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा त्यावर तीस-चाळीस वेळा फिरवावा.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद कसे झिजते, हे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस वाकून धारेला तिरपा भिडला आणि पोलादाची रचना त्या जागी असमान असली, की धारेचा सूक्ष्म तुकडा उडतो. गंजाच्या खळग्याशी धार आधीच दुबळी झालेली असते. म्हणूनच १००० ग्रिटवर पुन्हा पुन्हा त्याच जागी नवी खाच उघडत असेल, तर गंज खोलवर गेला आहे असे समजावे आणि त्या वस्तऱ्याने दाढी करू नये. पाते निरोगी निघाले, तर पावसाळ्यात ते वापरानंतर पूर्ण कोरडे करून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा आणि वस्तरा चामड्याच्या बंद म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.